इंद्रभान काकांच्या पत्रिका

मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि त्याला खेटून इंद्रभान काकांचं लग्नपत्रिकांचं. मी वर्षाराणी, तोंडाची फटकळ. काका माझ्या अगदी उलटे, चार शब्दांचं काम तीनात भागवणारे. पण पत्रिकेत नाव सुटलेलं त्यांना खपत नाही. आमच्याकडे एखाद्या जावयाचं नाव राहिलं तर तो मांडवात पाय ठेवत नाही, वर पुढची दहा वर्षं ऐकवतो. म्हणून लोक मोठमोठे छापखाने सोडून काकांकडे येतात.

काकांची पद्धत अशी. त्या घरातल्या मागच्या लग्नाची पत्रिका कॉम्प्युटरवर उघडायची, नवरा-नवरीची नावं बदलायची, बाकी गोतावळा जसाच्या तसा ठेवायचा. कोणी वारलं की काका मौतीला जाणार, घरी येऊन आंघोळ करणार, आणि मग दुकानात बसून त्या घरच्या पत्रिकेत नावाआधी 'कै.' लावून ठेवणार. एकोणीस वर्षं हे चाललं. मला ते खूळ वाटायचं. पण मेलेल्या माणसाला 'आपला नम्र' म्हणून छापलं, अशी तक्रार काकांकडे कधी आली नाही, हेही खरं.

कॉम्प्युटर मात्र म्हातारा झाला होता. त्यावरची विंडोज इतकी जुनी की नवा प्रिंटर तिला ओळखू येईना. बटण दाबून काका चहाला जायचे, चहा पिऊन परत यायचे, तरी पडदा काळाच. नवं मशीन घ्या म्हटलं तर म्हणाले, "हे काहून टाकू? चालून राह्यलं न."

माझ्या दुकानातल्या तशाच जुन्या मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं. फुकटचं, हलकं, आणि मशीन टुणटुणीत झालं होतं. महिनाभर मी काकांच्या कानाशी भुणभुण केली. शेवटी ते वैतागले.

"कर बाप्पा एकदाचं. पण माह्या पत्रिकायले काई झालं तर पाह्यजो."

"काईच नाई होत, काका. आधी पेनड्राइव्हमंदी घेऊन ठेवू."

"पेनड्राइव्ह कायले? सबन डी ड्राइव्हमंदी हाय."

आणि मी, दिवसभर लोकांना अक्कल शिकवणारी, हो म्हणाले. आमच्याकडे हे सगळ्यांनाच माहीत असतं. मशीन बिघडलं की दुरुस्तीवाला सी ड्राइव्ह पुसतो, डीला हात लावत नाही. डी म्हणजे घरातली लोखंडी पेटी. लिनक्स टाकताना मशीनने विचारलं, आख्खी डिस्क पुसू का? मला वाटलं, सीचंच विचारतंय. मी हो दाबलं. लिनक्सला सी काय नि डी काय, त्याने सगळंच सपाट केलं.

अर्ध्या तासात मशीन झकास सुरू झालं. काकांच्या बोटांना सवयीचा मराठी कळफलकही मी बसवून दिला. काका खूश झाले आणि म्हणाले, "आता पत्रिका दाखव." मी शोधल्या. एकही नव्हती.

मी रडले. खोटं कशाला बोलू, शटर अर्धं ओढून घेऊन रडले. वाशीमच्या एका जाणकाराला डिस्क नेऊन दाखवली, त्यानेही हात टेकले. काकांनी मला एक शब्द सुनावला नाही, आणि त्याचाच मला राग आला. "शिव्या तरी द्या," म्हटलं. तर म्हणाले, "शिव्या देऊन नावं वापस येतेत काय?"

दोन दिवसांनी जवळच्या बंजारा तांड्यावरचा फुलचंद राठोड आला. मुलीचं लग्न ठरलं होतं, पत्रिका तातडीने हवी होती. एरवी तो एकटाच यायचा आणि दहा मिनिटांत काम व्हायचं. या वेळी काकांनी हात जोडले. "फुलचंद, मशीन कोरं झालं. मले सबन नावं पहिल्यापासून लागतीन. घरातलं जाणतं माणूस घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला. गोमतीबाई सत्तरीच्या. खुर्चीवर मांडी घालून बसल्या आणि बोटांवर मोजत नावं सांगू लागल्या. तांड्याचे प्रमुख म्हणजे नायक, कारभारी, केनवडकडचे पाहुणे, ऊसतोडीला गेलेले दोन पुतणे, त्यांची लेकरं. फुलचंदला त्यातली अर्धी नावं माहीतच नव्हती. अडीच तास हे चाललं. मशीन एकदाही अडकलं नाही, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

काकांनी फुलचंदच्या वडिलांचं नाव टाइप केलं, कै. बाबूसिंग राठोड, आणि विचारलं, "आन तुमचं, वहिनी?"

"माह्यं नसते. पहिलं राहे, फुलचंदच्या बापासंग. सौ. गोमतीबाई व श्री. बाबूसिंग. थे गेले, मंग पत्रिकेतून माह्यंबी गेलं."

मला कळलं, पण त्यांना माझ्याआधी कळलं होतं. 'कै.' लावताना शेजारचं 'सौ.' पुसावं लागतं, आणि त्याबरोबर बाईचं नावही जातं. विधवेचं नाव वेगळं घालायची रीत नाही. मौतीवरून येऊन, आंघोळ करून, इतक्या जपून काकांनी एकोणीस वर्षांत किती घरांतल्या बायका पुसल्या असतील. पुढची पत्रिका त्याच पत्रिकेवरून निघायची, म्हणून परत कोणी विचारलंच नाही.

"तवापासून तीन लग्नं झाले घरात," गोमतीबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "मले वाटे, एकटीचं नाव मशीनमंदी बसत नसन."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग सगळ्यांच्या वर, नायकाच्याही वर, टाइप केलं: श्रीमती गोमतीबाई बाबूसिंग राठोड. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे पाहा. हे तुमचं."

गोमतीबाईंना वाचता येत नव्हतं. त्या पडद्याजवळ वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. फुलचंद मागे मान खाली घालून उभा होता.

"काका," तो म्हणाला, "अजून थोडं मोठं करा न."