तिसऱ्या हाकेला ओ

माझा मामा गवंडी होता आणि खोडकर होता. साठी उलटली तरी दोन्ही गोष्टी त्यानं सोडल्या नव्हत्या. मामी त्याला आयुष्यभर 'अहो' म्हणत आली आणि हा पहिल्या हाकेला कधी ओ द्यायचा नाही. दुसऱ्या हाकेला मिशीत हसायचा. तिसरी आली की मग, "काय गं?" मामी वैतागायची, 'बहिरे झालात की काय' म्हणायची, पण तिसरी हाक मारायचीच. आम्ही भाचरं बोटांवर मोजत बसायचो.

भूकंप झाला सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. कागदोपत्री तसं लिहिलंय. मला फक्त दूध उतू गेलेलं आठवतं, आणि ते पुसायला हवं असं वाटलेलं. मामा तेव्हा अंगणात दात घासत होता. कुंपणाची भिंत त्याच्या डोक्यावर आली. तो उठला आणि स्वयंपाकघराच्या बाजूचा ढिगारा हातांनी उपसायला लागला, कारण त्या वेळी मामी गॅसपाशीच असायची. पण त्या दिवशी ती पुढच्या खोलीत होती.

हे मला शेजारच्या शिंप्यानं सांगितलं. त्याचा पाय दाराच्या चौकटीखाली अडकला होता, त्याला हलता येत नव्हतं. "मी तिथूनच ओरडत होतो, अहो गवंडी, वहिनी पुढच्या खोलीत आहेत, इकडं या. त्या पण हाका मारत होत्या. पुष्कळ वेळ. पण यांनी मान म्हणून वळवली नाही. शुद्धच हरपली होती हो त्यांची." मी तेव्हा त्याच्या पायाचं ड्रेसिंग करत होते. गाठ बांधली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मी नर्स आहे. दवाखान्याला तडे गेले म्हणून आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसत होतो.

त्या दिवसांत काय वाटत होतं, असं लोक अजून विचारतात. काही वाटत नव्हतं. वाटायला हवं हे कळायचं, एवढंच. मी रजिस्टरमध्ये लिहायचे: झोप नाही. खोकला. झोप नाही. झोप नाही. माझ्या स्वतःच्या नावापुढे काय लिहिलं असतं ते सांगायला नको.

आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. दुपारी आत भाजून निघायचं, पहाटे पत्र्याला पाणी सुटून पांघरुणावर टपटप पडायचं. माझ्या वडिलांना दमा. ते रात्रंदिवस उशीला टेकून बसलेले असायचे, आणि आईचं एकच पालुपद, "आपल्या घरी जाऊ या. तिथं निदान खिडकी आहे."

घरं तपासायला इंजिनियर येऊन गेले होते. त्यांनी दारांवर रंगानं खुणा केल्या होत्या. हिरवी म्हणजे राहा, लाल म्हणजे पाडा. घोळ होता पिवळ्याचा. पिवळी म्हणजे डागडुजी करून, खात्री करून राहा. आता ही खात्री करायची कुणी? मग लोक मामाकडे यायचे. निम्म्या गावाच्या भिंती त्यानंच बांधलेल्या. त्याची पद्धत साधी होती. थापी उलटी धरायची, लाकडी मुठीनं भिंतीवर हातहातभर अंतरानं ठोकत जायचं आणि ऐकायचं. भरीव भिंत टणटणीत वाजते. आतून सुटलेली भिंत बद्द वाजते, तडा गेलेल्या माठासारखी. लहानपणी मी त्याची थापी घेऊन मागे मागे हिंडायचे, म्हणून मलाही तेवढं कळतं.

मामी गेल्यावर पंधराव्या दिवशी तो कामाला लागला. मान खाली, बोलणं जवळजवळ बंद. लोक म्हणायचे, धक्का बसलाय, कामात मन रमतंय ते बरंय. तो ठोकायचा, थांबायचा आणि म्हणायचा, "पक्की आहे. या राहायला."

दोन महिने झाले तेव्हा आमच्या घराची पाळी आली. आईनं गाठोडं बांधूनच आणलं होतं. वडील ओट्यावर बसले. मामानं मधल्या खोलीची भिंत ठोकायला सुरुवात केली. टण, टण, टण. मग बद्द. पुढचाही बद्द. त्याच्या पुढचाही. मामा न थांबता कोपऱ्यापर्यंत गेला, वळला आणि आईला म्हणाला, "पक्की आहे. या राहायला."

मला वाटलं, चेष्टा करतोय. खोडी काढायची ही काय वेळ? तो पुन्हा भिंतीकडे वळून थापी पुसत होता. मी मागून म्हटलं, "मामा, पोकळ आहे ती." काही नाही. मोठ्यानं म्हटलं, "मामा!" काही नाही. तिसरी हाक मी मारली नाही. पुढे जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. तो माझ्या डोळ्यांकडे बघेना, ओठांकडे बघत राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्याच दिवसापासून. उजवा ठार गेला. डाव्यात भुंगा घुमतो. कुणी जवळून बोललं तर कळतं थोडं."

"मग इतके दिवस भिंती ठोकून ऐकत काय होतास?"

"लोक माझ्या तोंडाकडे बघत उभे असतात गं. त्यांना घरी जायचं असतं."

"किती घरं झाली अशी?"

"एकतीस."

एकतीस घरांत माणसं झोपत होती, पोरं झोपत होती, आणि जमीन अजून आठवड्यातून एकदा तरी हलायची. मला संताप यायला हवा होता. मी वाट पाहिली. आला नाही. आई म्हणाली, "म्हणजे जायचं नाही का?" मी नाही म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि गाठोडं उचलून शेडकडे चालायला लागली. वडील तिच्या मागून, दर चार पावलांना थांबत.

पुढचे दोन दिवस मी रजा घेतली. एकतीसच्या एकतीस घरं पुन्हा केली. मामा ठोकायचा, मी ऐकायचे. भरीव असेल तर मी एक बोट वर करायचे, पोकळ असेल तर उघडा पंजा. दारात मामा स्वतःच सांगायचा, "मला ऐकू येत नाही. मागच्या वेळी खोटं बोललो. पुन्हा बघतो." सहा घरं पोकळ निघाली. एका बाईनं नुकताच ओटा पुसला होता. तिनं गॅस बंद केला, लेकरू कडेवर घेतलं आणि बाहेर आली. एका म्हाताऱ्यानं शिव्यांची लाखोली वाहिली. मामाला ती ऐकू आली नाही, सगळी मलाच पुरली.

शेवटचं घर झाल्यावर मामा शेडकडे न वळता स्वतःच्या घराकडे वळला. ढिगारा उचलून नेला होता. जोतं होतं आणि पुढच्या खोलीची एक भिंत उभी होती. त्यानं सवयीनं थापी उलटी केली, भिंत ठोकली आणि माझ्याकडे पाहिलं. मी एक बोट वर केलं.

"ही चांगली बांधली होती मी," तो म्हणाला. मग थांबून, "शिंपी माझ्याशी नजर मिळवत नाही. ती हाक मारत होती का?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. पक्की आहे, या राहायला, इतकं सोपं. मी त्याच्या डाव्या कानाशी गेले आणि म्हटलं, "हो."

"किती वेळा?"

"पुष्कळ वेळा, मामा."

तो जोत्यावर बसला. थापी मांडीवर ठेवली.

"पहिल्या दोन हाकांचं तिला काही वाटलं नसेल," तो म्हणाला. "तिसरीनंतर थांबली असेल ती. तिसऱ्या हाकेला मी ओ देतोच, हे तिला माहीत होतं."

मी त्याच्या मागे उभी होते. त्याची पाठ माझ्याकडे होती, म्हणून दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी मोठ्यानं रडले.