मायनं धुतलेला ओटा

माय ओटा धूत होती. घरमालकीण काकूंचा ओटा.

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणि पोहे घेऊन परत आले, तेव्हा ती फाटकाच्या आत उकिडवी बसून खराट्यानं फरशी घासत होती. पदर कमरेला खोचलेला. चपला दूर, फाटकाबाहेर. काकू पायरीवर उभ्या राहून पाइपनं पाणी सोडत होत्या. पाइप त्यांच्या हातात, खराटा मायच्या हातात. "तिकडं, त्या खांबापाशी," काकू म्हणत होत्या. आवाजात राग नव्हता. कामवालीला काम सांगतात तेवढाच आवाज.

माय त्या सकाळी पांढुर्ण्याच्या बसनं मला भेटायला आली होती. सौंसरची माझी खोली तिनं पहिल्यांदाच पाहिली. मी तिला फोनवर सांगितलं होतं, घर चांगलं आहे, काकू मायाळू आहेत. मागच्या बोळातून यायचं असतं, हे सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? तर ती समोरचं फाटक उघडून सरळ आत आली आणि मी दिसेना म्हणून ओट्यावर टेकली. काकूंनी विचारलं, "कोण पाहिजे?" ती म्हणाली, "मॅडमची माय आहो मी." त्यावर काकू म्हणाल्या, "मंग इथं काऊन बसल्या? आता मले सारं धुवा लागते." माय उठली, "चुकलं बाई" म्हणाली आणि भिंतीशी टेकवलेला खराटा तिनं आपणहून उचलला. तिला कोणी धू म्हटलं नव्हतं. गावात जन्मभर असंच करत आलेली बाई ती.

मी फाटकाशी उभी. हातात दुधाची पिशवी. समोरच्या घराच्या दारात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई उभी होती. ती पाहत होती.

मला लाज वाटली. काकूंची नाही. मायची. हे लिहिताना आजही मान खाली जाते. वाटलं, ही आपली कोणी नसती तर बरं झालं असतं. क्षणभर वाटलं, पुढे निघून जावं आणि सगळं आटोपल्यावर यावं. विज्ञान शिकवणारी सरकारी शाळेतली बाई मी, आणि फाटकाबाहेरच उभी राहिले.

ही खोली पाहायला गेले तेव्हाच सगळं दिसत होतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ना, तसं झालं. सौंसर पालथं घातलं होतं. कुठे खोली "कालच गेली", कुठे "फक्त फॅमिलीले". इथे काकूंनी आधी आडनाव विचारलं. आमचं आडनाव त्यांच्यातही सापडतं आणि आमच्यातही, त्यातून त्यांना जात काही कळेना. मग गाव. तिगावजवळचं, मी सांगितलं. मग म्हणाल्या, "गावात घर कोण्या अंगानं हाय तुमचं?" आमच्या भागात हा प्रश्न विचारला की जात विचारायची गरज उरत नाही. मी म्हटलं, बुद्धविहाराजवळ. काकू थांबल्या, मग हसल्या. "आमी नाई मानत जी मॅडम असं काई. पण घरात सासूबाई हायेत. जुन्या मान्साचं मन राखा लागते."

तर सासूबाईंसाठी मी मागच्या बोळातून यायचं. सासूबाईंसाठी नळाला हात लावायचा नाही, बादली ठेवायची, काकू वरून पाइप सोडतील. गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, तेही सासूबाईंसाठीच. खोलीची दुसरी किल्ली काकांकडे राहील. आतली कडी तुटकी होती, ती बसवून देतो म्हणाले, कधीच दिली नाही. किरायाचं लिहून मागितलं तर काका म्हणाले, "तुमी तर घरच्यासारख्या मॅडम. आपल्यात कायची लिखापढी?" घरच्यासारखी. बोळातून येणारी घरची.

दुकानवालीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तिथं कोनी टिकत नाई मॅडम." भिंतीभर खिळे होते, प्रत्येकानं आपापल्या सोयीनं ठोकलेले. कितीतरी जण येऊन गेले होते. ते का गेले, हे मी कोणालाच विचारलं नाही. उत्तर ऐकलं असतं तर खोली घेता आली नसती.

सासूबाई मात्र काही दिसेनात. मी बोळातून येता-जाता कान देऊन ऐकायची, खोकला नाही की काठी नाही. दिवाळीत समोरचं दार सताड उघडं होतं. आत भिंतीवर एका म्हातारीचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. दुकानवालीला विचारलं. ती म्हणाली, "लय वर्सं झाले म्हातारीले जाऊन. लय मायाळू होती बिचारी." मेलेल्या बाईच्या नावावर मला बोळातून फिरवत होते. खोलीत येऊन मी आधी हसले, मग रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोळातूनच शाळेत गेले.

आणि मी शाळेत असताना काकू खोलीत येऊन जायच्या. डबे सरकलेले दिसायचे. झाकण उघडून काय शिजवलं ते पाहत असाव्यात. मी आल्यावर काही बोलायची नाही. उलट सकाळीच भांडी घासून, पुसून, रचून ठेवू लागले, त्यांना नावं ठेवायला जागा नको म्हणून. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही आपणहूनच करत होते.

ओटा धुऊन झाल्यावर मायला मी बोळातून खोलीत आणलं. तिचे हात गार पडले होते. पिशवीतून तिनं संत्री काढली, बागेतल्या तोड्याच्या कामावरून आणलेली. काकांचा धंदा संत्र्यांचाच. मायसारख्या बाया संत्री तोडतात, निवडतात, पेट्या भरतात. त्या पेट्या काकांच्या ओट्यावरच रचलेल्या असतात.

मी तिच्यावरच चिडले. "तू कशाला धुतलं? तुला कोणी सांगितलं होतं?"

ती संत्रं सोलत म्हणाली, "येवढा ओटा धुतला तं हात झिजले का माहे? बाईचं मन बिघडलं असतं तं तुले कुटं खोली भेटली असती? तू नोकरी सांभाळ, पोरी. आमचं काय, आमी करतच आलो."

मला वाटलं होतं, तिला कळत नाही म्हणून ती वाकली. तिला सगळं कळत होतं. माझी खोली जाऊ नये म्हणून ती घासत होती. मी शिकले, नोकरीला लागले, आणि तरी माझ्या डोक्यावरचं छप्पर मायच्या वाकण्यावर उभं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. यावेळी मात्र ती लाज मायची नव्हती, माझी होती.

तेवढ्यात बोळातून काकूंचा आवाज आला. "मॅडम, आईले समजावून सांगजा जी पुढच्या टायमाले. अन् खांबाजवळचा कोपरा राहून गेला, तेवढा धुवून टाका म्हना."

माय उठू लागली. सोललेलं संत्रं ताटलीत ठेवून खरंच उठू लागली.

"बस माय," मी म्हटलं.

बाहेर आले. घराला वळसा घालून समोर गेले. फाटक उघडलं आणि ओट्यावर, त्याच खांबापाशी जाऊन बसले. मागोमाग आलेल्या काकू बघतच राहिल्या. मी म्हटलं, "कोपरा धुणार नाही. मायही नाही, मीही नाही. आणि काकू, तुमच्या सासूबाई वारल्या आहेत. नियम तुमचे आहेत. तुमच्या नावानं सांगा."

आवाज समोरच्या दारातल्या बाईला ऐकू जाईल इतका मोठा होता.

काका आले. शांतपणे बोलले. "शिकल्या-सवरल्या तुमी मॅडम, असं शोभते का? खोली खाली करून द्या. आजच." मी म्हटलं, असं आजच्या आज काढता येत नाही. ते म्हणाले, "कागद दाखवा." कागद नव्हता. घरच्यासारखी होते ना. पोलिसात जायचं डोक्यात आलं, पण माय हात धरून बसली, "नको वं, नको." त्या दिवशी मी तिचं ऐकलं. ते आजही सलतं.

संध्याकाळपर्यंत सामान ऑटोत होतं. रात्री शाळेतल्या एका बाईकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी मायला सोबत घेऊन खोल्या शोधल्या. आता दारातच मी आधी सांगायची. नाव, गाव, घर विहाराजवळ. मग मी विचारायची. पाणी कसं मिळेल? दुसरी किल्ली कोणाकडे? आधीचे का गेले? लिहून द्याल का? बरीच दारं तिथल्या तिथे बंद झाली. होऊ दे. पुढे कधीतरी तोंडावर आपटण्यापेक्षा तेव्हाच बंद झालेली बरी.

शेवटी ज्या घरात खोली मिळाली, तिथल्या बाईंनी मायला खुर्ची पुढे केली. माय उभीच राहिली. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बसू का वं?"

ते ऐकलं आणि ठरवलं, नुसतं आपण सुटून चालणार नाही.

गेल्या आठवड्यात त्या जुन्या फाटकावर पाटी लागली, खोली किरायानं देणे आहे. एक मुलगी पाठीवर बॅग घेऊन पाटीवरचा नंबर मोबाईलमध्ये टाकत होती. दवाखान्यात नवीन लागलेली. मला म्हणाली, "ताई, खोली कशी हाय इथली?" ती कोण, कुठली, मी विचारलं नाही. सगळं सांगितलं. आडनावानंतर काय विचारतील, कडी कुठे तुटकी आहे, सासूबाई कोण, मायच्या हातात खराटा कसा आला.

काकू दारात आल्या. "मॅडम, काऊन लोकाईले भडकवून राहिल्या?"

मी थांबले नाही. आवाज वाढवला. मुलीनं मोबाईल खिशात टाकला आणि माझ्याबरोबर चालू लागली.

शाळेला जायला मला जवळचा रस्ता आहे. मी मुद्दाम त्या गल्लीतून जाते. पाटी वाचत जो उभा दिसेल त्याला सांगणार, मोठ्यानं, काकूंच्या देखत. समोरच्या दारातून माणसाला आत घेत नाहीत तोवर ती खोली भाड्यानं जाणार नाही. मी जाऊ देणार नाही.