मावशींच्या पाळणाघरातला राउटर

डबे भरून झाले होते, हे आंघोळीला गेले होते आणि मी चहा गाळत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारं आमच्या मजल्यावर एकच माणूस, समोरच्या पाळणाघरवाल्या मावशी. बेलने झोपलेली पोरं उठतात, म्हणून त्यांचं बेलशी कायमचं वाकडं.

दार उघडलं तर मावशींच्या हातात राउटर. वायर लोंबतेय, मागे भिंतीचे पोपडे चिकटलेले. स्क्रूसकट उपटून आणला होता.

"हे तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे राहिलं तर खिडकीतून भिरकावीन."

"अहो, पण पोरं?"

"कुठली पोरं? एक आलं नाही आज."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की समोर अगदी चिडीचूप आहे. एरवी यावेळी त्या घरात नुसता गोंधळ. कुणाचा बूट सापडत नाही, कुणी आईच्या नावाने टाहो फोडलेला, आणि त्या सगळ्यावर मावशींचा आवाज, "रड बाळा, पोटभर रड, पण दूध संपवून रड."

मावशी पूर्वी एका दवाखान्यात लहान मुलांकडे आया होत्या. तो विभाग बंद पडला तेव्हा त्यांनी घरीच मुलं सांभाळायला घेतली. माझी लेक त्यांच्याच हॉलमध्ये चालायला शिकली. त्या घरात टोचेल असा एक कोपरा नाही, टेबलाच्या कडांनाही जुन्या गोधडीच्या पट्ट्या शिवलेल्या. हॉलमधला, आवाजही पोचवणारा कॅमेरा मात्र त्यांच्या डोक्यातून आलेला नव्हता. ऑफिसातून मुलं दिसावीत म्हणून मुलांच्या आयांनीच आग्रह धरला. मावशी म्हणाल्या होत्या, "लावा बाई. मी काय तुमची पोरं विकतेय?"

आदल्या दिवशी दुपारी, सगळी मुलं झोपलेली असताना, तो कॅमेरा बोलला. पुरुषाचा आवाज. आधी शीळ, मग "उठा, उठा रे सगळे", आणि मग खदाखदा हसणं. मुलं किंचाळत उठली. एकीने भीतीने अंथरूण ओलं केलं. बँकेत काम करणारी एक आई नेमकी तेव्हाच फोनवर बघत होती. तिने सगळं ऐकलं. संध्याकाळपर्यंत आयांच्या ग्रुपवर निकाल लागूनही गेला : मावशींनी पासवर्ड कुणाला तरी दिला.

"मी दिला! मी!" मावशींचा आवाज चढला. "सख्खा काका न्यायला आला तरी आईचा फोन आल्याशिवाय मूल हातात देत नाही मी. आणि पासवर्ड वाटत फिरेन?"

मी त्यांना बसवलं, राउटर उलटा केला आणि पाठीवरचा मॉडेल नंबर फोनवर शोधला. बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच गेल्या वर्षी जाहीर केलं होतं : या मॉडेलमध्ये दोष आहे, त्यातून बाहेरचा माणूस आत, अगदी जोडलेल्या कॅमेऱ्यापर्यंत, शिरू शकतो, सुधारित सॉफ्टवेअर ताबडतोब टाका आणि बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद ठेवा. जगजाहीर गोष्ट. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आमच्या बिल्डिंगच्या नेटवाल्याला फोन लावला.

तो आला, गाडीची किल्ली बोटावर फिरवत.

"हे अपडेट टाकलं होतंस का?" मी फोन त्याच्यापुढे धरला.

"चालू गोष्टीला हात कशाला लावायचा, ताई?"

"आणि बाहेरून चालवायची सोय?"

"ती मीच चालू ठेवतो ना, अख्ख्या बिल्डिंगची!" त्याच्या स्वरात चक्क अभिमान होता. "तुमचं नेट अडकलं की मी घरबसल्या सोडवतो. दर वेळी जिने चढू का?"

"पासवर्ड?"

"सगळ्यांचा एकच. बिल्डिंगचं नाव, पुढे एक-दोन-तीन. लक्षात राहतो."

आणि आम्ही सगळे त्याचं कौतुक करत होतो, किती तत्पर मुलगा, फोन ठेवायच्या आत नेट सुरू!

मावशी उठल्या. "तुझ्या पायांना त्रास नको म्हणून माझं घर उघडं टाकलंस?"

"मावशी, नुसता आवाजच तर आला..."

"नुसता?" मावशी पुढे झाल्या, तो मागे सरकला. "पोरी झोपलेल्या असायच्या तिथे. तो मेला कधीपासून बघत होता? सांग. सांग ना रे! काल हसला म्हणून कळलं तरी. हसला नसता तर?"

त्याची किल्ली खिशात गेली.

मग मी त्याला आमच्याच जेवणाच्या टेबलाशी बसवलं. अपडेट टाकून घेतलं, बाहेरची सोय बंद करून घेतली. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा, वायफायचा वेगळा. दोन्ही मावशींनी स्वतः टाइप केले, एकेक अक्षर शोधत, आणि तेवढा वेळ त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. कॅमेऱ्यालाही नवा पासवर्ड लागेल, असं तो भिंतीकडे बघतच पुटपुटला.

"कॅमेरा डब्यात बंद आहे. तू तुझं बघ."

एवढ्यात मावशींचा फोन वाजला. बँकवाल्या आईचा मेसेज होता. मावशींनी चष्मा लावून वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. लिहिलं होतं : संध्याकाळी आम्ही सगळ्याजणी मुलांची अंथरुणं आणि कपडे न्यायला येतोय, बाकी बोलायची इच्छा नाही.

"झालं मावशी, आता पक्कं काम," नेटवाला दाराकडे सटकत म्हणाला. "मी निघू?"

मावशी त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. आवाज खाली आला होता, पण राग उतरला नव्हता.

"संध्याकाळी त्या येतील तेव्हा तू ये. माझी बाजू घेऊ नकोस, माझं कौतुकही करू नकोस. फक्त एवढं सांग त्यांना : पासवर्ड मी ठेवला होता, मावशींनी कुणाला दिला नाही."