यादीतलं पहिलं नाव

सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांचा एक ठरलेला विषय आहे, दवाखाने इतके महाग का झाले. कुणी मशिनींना दोष देतं, कुणी डॉक्टरांच्या कमिशनला, कुणी विमा कंपन्यांना. सगळ्यांचंच थोडंफार बरोबर असेल. मी गप्प राहतो. या महागाईत माझ्याही हाताचं काम आहे, आणि ते मी अनेक वर्षं लपवलं.

माझा जन्म निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलिस अ‍ॅक्शननंतरचा. नेमकं वर्ष आईलाही आठवत नसे. विशीत चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर लागलो. शेजारच्या लेथवर शहागंजचा एक माझ्याच वयाचा होता. पुढं वीस वर्षं आम्ही सायकली जोडीनं हाणल्या आणि एका डब्यात जेवलो. त्याच्या बायकोच्या हृदयाची झडप खराब होती. महिन्यातून एकदा तिला कामगार विम्याच्या दवाखान्यात न्यावं लागे. सुट्टी असली की मीही जाई. भली मोठी रांग, तीन-तीन तास बाकावर. भाभी पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढून आमच्या ओंजळीत ओतायच्या. कंपाउंडर सगळ्यांवर खेकसायचा. त्याला ऐकू जाईल अशा बेतानं हा म्हणायचा, "गोळ्या मुफ्त, गालियां भी मुफ्त. और क्या होना?" शेवटी पुडी हातात पडे. एक पैसा लागत नसे. त्या बाकाची आठवण येते तशी मला स्वतःच्या घराचीही येत नाही.

मी थोडा शिकलेला, म्हणून मला टाइम ऑफिसात, हजेरी-पगाराच्या कामावर घेतलं. माझा पगार चढत गेला, लेथवाल्यांचा तिथंच रेंगाळला. तो दारातून डोकावून विचारायचा, "क्यों साहब, कुर्सी गरम है क्या?"

मग कंपनीनं बारा कायम कामगारांकडून राजीनामे घेऊन त्यांना ठेकेदाराकडं द्यायचं ठरवलं. मशीन तेच, काम तेच, पगार निम्मा. नावं काढायचं काम माझ्याकडं आलं. आमची दोस्ती ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती. मी त्याला वाचवलं असं कुणी म्हणू नये, म्हणून त्याचंच नाव मी सगळ्यात वर लिहिलं. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यापेक्षा नवे कितीतरी होते.

"वरनं आलं असंल," उलट त्यानंच माझी समजूत घातली. "तू काय करणार?"

मी होकाराची मान हलवली.

ठेकेदार कामगार विम्याचं नवं कार्ड काढून देतो म्हणाला. ते कधी निघालं नाही, आणि तो फुकटचा दवाखाना बंद झाला. त्याच सुमारास आम्हा ऑफिसवाल्यांना कंपनीनं मेडिक्लेम दिला. मोठ्या दवाखान्यांत काउंटरवर पहिला प्रश्न तोच, "मेडिक्लेम आहे का?" असला की बिलाकडं कोण बघतं? मीही बघितलं नाही. दर आमच्या जिवावर वाढले आणि रोख भरायला तो उभा राहिला. भाभी गोळ्या एक दिवसाआड घेत होत्या, हे मला त्या गेल्यावर कळलं.

तोही मागच्या हिवाळ्यात गेला. त्याची मुलगी गुलमंडीत कापडाच्या दुकानात कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याकडं यायची, अब्बांच्या गोष्टी ऐकायला. चाचा म्हणायची. ती हसायला लागली की मला तोच समोर बसल्यासारखा वाटायचा, म्हणून मी एकेक गोष्ट पुरवून पुरवून सांगायचो. गेल्या महिन्यात तिला यादीचं सांगितलं.

तिनं कप खाली ठेवला. "अब्बांना माहीत होतं?"

"नाही."

मग ती म्हणाली, "त्यांचं नाव नसतं, तर कुणाचं असतं, चाचा?"

"एक फिटर होता."

"त्याच्या घरी कोण कोण होतं?"

त्या फिटरचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. यादीतल्या बारांपैकीही एकाच घरात माझं जाणं-येणं होतं. बाकीच्यांना ते कार्ड कुणासाठी लागत होतं, हे मी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर ती आलेली नाही. मी उरलेली अकरा नावं आठवून लिहायला घेतली आहेत. सात जमली. आठवा माणूस हर्सूलकडून चालत यायचा, एवढंच आठवतं.