अजून कोरडं आहे

शिकवायला बसण्याआधी काका मिठाच्या बरणीत बोट घालायचे. गॅसशेजारी जाड्या मिठाची चिनीमातीची बरणी होती. बोट तळापर्यंत न्यायचे, बाहेर काढून उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "अजून कोरडं आहे. काढ वही."

मी दुष्काळी जत तालुक्यातली. मिठाला पाणी सुटतं हेच मला ठाऊक नव्हतं. अशी एखादी सवय असलेलं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आपण तिच्याकडे बघून हसतो, कारण विचारत नाही. मीही विचारलं नाही.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. चंडीगडला कारकून म्हणून नेमणूक झाली तेव्हा प्राध्यापकीच्या परीक्षेसाठी इतिहास वाचत होते आणि काही डोक्यात शिरत नव्हतं. ऑफिसातल्या एका बाईंनी तिथल्याच मनीमाजऱ्यातल्या काकांकडे पाठवलं. मूळचे वेंगुर्ल्याचे, नकाशांच्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, घरमालकीण बीजींच्या घरात वरच्या खोलीत एकटेच राहणारे. दर रविवारी दुपारी त्यांनी मला शिकवलं. फी घेतली नाही, उलट पोहे खायला घातले. आज मी वर्गासमोर उभी राहते ती त्यांच्यामुळे.

डचांबद्दल ते गेल्या आठवड्यात भेटून आल्यासारखे बोलत. त्यांचं लहानपण वेंगुर्ल्याच्या डच वखारीच्या पडक्या भिंतींवर चढण्यात गेलेलं. माझ्या पुस्तकात 'डच व्यापारी सत्तेचा उदय' दहा ओळींत संपला होता. काकांना चार रविवार लागले. पाण्याखाली जाणारा एवढासा देश. थोड्या खलाशांवर चालणारी रुंद पोटाची जहाजं. बेकरीवाल्यापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांनी थोडे थोडे पैसे घालून उभी केलेली कंपनी. भाव टिकावा म्हणून बेटाबेटांवर तोडलेली लवंगेची झाडं. ते हे सांगत असताना खोलीत लवंगेचा दाट वास यायचा. एकदा मी फडताळात शोधलंसुद्धा. काका म्हणाले, "शोधू नकोस. मी लवंग आणत नाही."

बाकीचं मला बीजींनी सांगितलं. काकांचा मुलगा मालवाहू जहाजावर होता. सहा वर्षांपूर्वी जहाज बेपत्ता झालं. त्याला मृत धरावं, असा कागद दरवर्षी वडिलांच्या सहीसाठी यायचा. काका तो टेबलाच्या खणात ठेवून द्यायचे. बीजींनी एकदा विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "माझो झील येतलो." माझा मुलगा येणार. बीजींना मराठीही कळत नव्हती, मग मालवणी कुठून कळणार. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

डचांच्या चौथ्या रविवारी मी लवकर पोचले. मे महिना, अंगावरचा घामसुद्धा वाळून जाईल अशी गरम वाऱ्याची लू. बीजी जिन्याखाली फरशी पुसायचं फडकं घेऊन उभ्या होत्या. "मास्टरजी सब्ज़ी लेने गए हैं, तू ऊपर बैठ, पुत्त," म्हणाल्या, आणि जिन्यावर पाणी कुणी सांडलं ते विचारलं. पायऱ्या खरंच ओल्या होत्या, अगदी वरपर्यंत. मला वाटलं, कूलर गळला असेल.

काका येईपर्यंत पोह्यांची तयारी करावी म्हणून मी बरणी उघडली. मीठ ओलं होतं. नुसतं दमट नाही, खड्यांवर बोटभर पाणी उभं होतं. बिचारे काका, त्यांना एकट्याने काय काय बघायचं, असं वाटलं. मी ते मीठ ओतून दिलं, बरणी घासून उन्हात वाळवली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं मीठ आणून भरलं. चांगलं काम केल्याचा मला आनंदही झाला.

काका जिना चढून आले ते धापा टाकत. भाजीची पिशवी दारातच टाकली आणि सरळ बरणीकडे गेले. बोट घातलं. उजेडात धरलं. बराच वेळ धरलं.

"कोरडं आहे," म्हणाले. त्या दिवशी 'अजून' म्हणाले नाहीत.

मग शिकवायला बसले. "डच कशामुळे वर आले माहीत आहे? कंपनीच्या वहीत प्रत्येक खलाशाचं एक पान असायचं. परतला, मेला, पळाला, जे झालं असेल ते लिहायचं आणि पान बंद. पुढचं जहाज सोडायला मोकळे."

पुढच्या रविवारी टेबलावर तो कागद होता. नकाशावर गावांची नावं घालावीत तशा रेखीव अक्षरांत सही केलेली. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची आई म्हणायची, दर्यावरचं माणूस घराकडे वळलं की भर उन्हाळ्यात मिठाला पाणी सुटतं. "गेल्या रविवारी सकाळी जिन्यात खाऱ्या वाऱ्याचा वास आला गो. म्हटलं, आज तरी मीठ ओलं असेल. आजही नसेल, तर सही."

मी वहीत तारीख लिहीत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तारीख खोडून पुन्हा लिहिली.

काका मुलाचं कार्य करायला वेंगुर्ल्याला गेले आणि परत आले नाहीत. तिथेच झोपेत गेले, असं त्यांच्या भावकीतून कळलं. बीजींनी बरणी मला दिली.

आता मी चंडीगडच्या विमानतळाजवळ, एरोसिटीत राहते. बरणीत तेच मीठ आहे, मी आणलेलं. स्वयंपाकाला ते वापरत नाही, दर रविवारी फक्त बोट घालते. परवाच्या रविवारी बाहेर लू होती, दोरीवरचे कपडे कडक वाळले होते. बोट घातलं ते पाण्यात गेलं. जिन्याकडे बघायला मी गेले नाही. बरणी होती तिथेच ठेवली, दाराची कडी काढली आणि काकांसकट तिघांचे पोहे भिजवले.