चार बोटं डावीकडे

सासऱ्यांची बंदूक बिघडवल्याचा आरोप माझ्यावर आहे. वस्तुस्थिती अशी की, मी ती दुरुस्त केली होती.

बंदूक छर्‍यांची. सासरे पलटणीत सुभेदार होते. नव्या जवानांना नेम शिकवायच्या जुन्या एअरगन तिथे एकदा मोडीत निघाल्या, त्यातली एक त्यांनी लिलावात घेतली आणि निवृत्तीनंतर अकोल्याच्या घरी आणली. तिने आजवर एकही जीव घेतलेला नाही. (माकडं तिला इतकी ओळखतात, की नळीवर येऊन बसायची तेवढी बाकी आहेत!) तिला काम वर्षातून एकदाच. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की अंगणातल्या कडुलिंबाला दोऱ्याने पणती टांगायची, मागे कापसाची जुनी गादी उभी करायची आणि घरातल्या पुरुषांनी एकेक छर्रा मारायचा. आधी सासरे, मग मुलगा, मग जावई. दुसरी संधी नाही.

मी सोडून सगळ्यांना पणती फोडता येते. माझा छर्रा दरवर्षी पणतीच्या डावीकडे आठ बोटांवर गादीत शिरतो. इतका नेमाने शिरतो की सासूबाईंनी त्या जागी लाल ठिगळ लावून ठेवलं आहे. घरात त्याला ‘जवाईबुवाचं ठिगळ’ म्हणतात. पाहुण्यांना दाखवतात.

आता मी अमरावतीला वजनमापं तपासायच्या खात्यात नोकरी करतो. काटा चुकत असेल तर काटा दुरुस्त करायचा, एवढंच मला कळतं. बंदूक डावीकडे मारते हे मला माहीत होतं, पण म्हणून नेम उजवीकडे धरायचा? म्हणजे खोट्या काट्यावर अंदाजाने साखर जास्त टाकण्यासारखंच झालं! जिथे मारायचं तिथेच नेम धरायचा, असा माझा बाणा. ठिगळ त्याचंच.

यंदा गणपतीत अकोल्याला गेलो तेव्हा सासऱ्यांनी बंदूक माझ्या हातात दिली.

"जवाईबुवा, हे हवा सोडून राहिली. अमरावतीले वायसर भेटन. थेवढं बदलून आना. बाकी कायलेच हात लावू नोका."

मी "हो मामाजी" म्हणालो. यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं, एवढं प्रामाणिकपणे नमूद करतो.

घरी येऊन मी गच्चीवर शिकंजा बसवला, दोन्ही बाजूंना रेतीची पोती लावली आणि बंदूक त्यात अशी आवळली की तिला शिंकताही येऊ नये. घोड्याला सुतळी बांधली आणि लांब उभा राहून ती ओढली. मानवी चूक वगळायची होती.

"अजी, बाबांनी वायसर सांगतलं व्हतं ना?" आमची सौभाग्यवती मंगला कपडे वाळत घालायला वर आली होती. "मंग हे काय करून राह्यले?"

"मोजतोय."

"बंदूक मोजत असते का कोनी?"

मी मोजली. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खिळा, उजवीकडे झुकला होता. त्यामुळे छर्रा चार बोटं डावीकडे जात होता. लाकडाचे स्क्रूही ढिले होते. स्क्रू आवळले, नळी पुसली, माशीला हळूच ठोकून सरळ केलं. मग सुतळी ओढली की दर वेळी छर्रा बरोब्बर नेमावर, आधीच्याच भोकात! मी ओरडून मंगलाला पुन्हा वर बोलावलं. तिने भोक पाहिलं आणि विचारलं, "वायसर बदललं का?"

(वॉशर बदललं. त्याच दिवशी संध्याकाळी.)

एकच गोष्ट जुळत नव्हती. माझी चूक दरवर्षी आठ बोटांची, आणि बंदुकीची भरली चारच. उरलेली चार बोटं कुठे गेली? बराच विचार करून मी ती वाऱ्याच्या खात्यावर टाकली.

आता स्कूटरचं सांगायला हवं. सासऱ्यांनी स्कूटर सोडावी म्हणून माझा मेहुणा विलास हात धुऊन मागे लागला होता. सासऱ्यांनी दोनदा समोरच्यांचं फाटक स्कूटरने उघडलं होतं, तेही कडी लावलेलं. पण म्हातारा ऐकेना. "मले दिसत नाई म्हनतं? ज्या दसऱ्याले पनती चुकली, त्या दिवशी किल्ली तुह्या हातात देईन." पणती कधी चुकत नव्हती. म्हणून स्कूटर चालू होती.

दसरा उजाडला. पूजा झाली, बंदुकीला झेंडूचा हार घालून काढला. सासऱ्यांनी बंदूक खांद्याला लावली आणि घोडा ओढला.

पणती जागच्या जागी होती. उजवीकडे चार बोटांवर गादीतून कापसाचा एक पुंजका बाहेर आला आणि खाली पडला.

 सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पणतीकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढली.

"घे, विलास."

इतकी वर्षं किल्ली मागणाऱ्या विलासला आता ती घेववेना. कशीबशी खिशात टाकून त्याने बंदूक उचलली. उजवीकडे, चार बोटं! मग माझे साडू. हे बियाण्यांचे व्यापारी, कुठल्याही विषयात आत्मविश्वास भरपूर. उजवीकडे, चार बोटं!

"बंदूक बिघडली!" साडू ओरडले. "जवाईबुवानं नेली व्हती अमरावतीले!"

"बिघडली नाही, सरळ केली!" मी म्हणालो. "पण तुम्ही सगळे उजवीकडे का मारताय?"

"मंग कुठी मारू?" साडू म्हणाले. "जनमाची डावी बंदूक हाय ते. चार बोटं उजवीकडं धरा लागते."

"हे मला इतक्या वर्षांत कोणीच का नाही सांगितलं?"

"सांगाची गोष्ट हाय का थे?" विलास म्हणाला. "लेकराइलेई मालूम हाय."

मी सासऱ्यांकडे वळलो. "मामाजी, तुमचा नेम अगदी बरोबर होता. मी माशी सरळ केली, म्हणून छर्रा उजवीकडे गेला. किल्ली परत घ्या."

"तुमी? सरळ केली?" सासरे म्हणाले. राग नव्हता, नुसता अविश्वास होता. "तुमी आमचा नळ दुरुस्त केला व्हता जवाईबुवा. मंग तीन दिवस टँकर बोलवा लागला."

"मी मोजून केलंय!"

"शिपाई बंदुकीले दोष देत नसते. चुकला तं चुकला." ते पायरीवर बसले. हातातला आपट्याच्या पानांचा जुडगा त्यांनी बाजूला ठेवला.  दसऱ्याचं सोनं घेऊन अख्ख्या कॉलनीत स्कूटरवर फिरायचा त्यांचा रिवाज होता.

"भाऊजी, सरळ हाय ना?" विलास म्हणाला. "मंग मारा. तुमचा छर्रा बाकी हाय."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. पणती फुटली तर बंदूक सरळ, बंदूक सरळ तर म्हाताऱ्याचा डोळा शाबूत, डोळा शाबूत तर किल्ली परत. हिशोब स्वच्छ होता. मी बंदूक घेतली, माशी पणतीच्या बरोब्बर मधोमध आणली, श्वास रोखला आणि घोडा ओढला.

डावीकडे. चार बोटं!

"आता तं दोनी बाजूनं मारते!" साडू टाळ्या पिटत म्हणाले. "पुरी कामातून गेली!"

सासऱ्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात मंगला स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पुरण लागलेलं. मुलींनी छर्रा मारू नये असा काही नियम नव्हता. त्या वेळी त्या पुरणात असायच्या, इतकंच. तिने पदराला हात पुसले आणि माझ्या हातातून बंदूक घेतली.

"तुमी सरळ केली म्हनता ना? पक्कं?"

"पक्कं."

"मंग झालं," म्हणत तिने बंदूक खांद्याला लावली, मोरी धुवायला बसल्यासारख्या सहज चेहऱ्याने सरळ नेम धरला, आणि पणतीचे तुकडे लिंबाखाली पडले.

सगळ्यांत आधी सासरे उठले. "म्हंजे माह्ये चार बोटं बराबर व्हते!" त्यांनी विलासच्या खिशात हात घालून स्वतःच किल्ली काढली, पानांचा जुडगा घेतला, आणि दोन मिनिटांत स्कूटरचा आवाज आला. पाठोपाठ समोरच्या फाटकाचा.

"भाऊजी," विलास दात चावत म्हणाला, "तुमी फक्त वायसर बदलाले पाह्यजे व्हतं."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी मंगलाकडे पाहत होतो. एवढी वर्षं संसार केला, माझ्या मोजमापावर विश्वास ठेवणारं माणूस घरातच आहे हे आज कळलं. आनंदात मी तिला म्हणालो, "पण मग माझा छर्रा डावीकडे कसा गेला?"

"घोडा ओढतानी डोये मिटता तुमी," ती म्हणाली. "खांदाई झटकता. लग्नापासून खिडकीतून पाहून राह्यली."

तिकडे सासूबाई सुईदोरा घेऊन गादीपाशी बसल्या होत्या. लाल ठिगळ आणि नवं भोक यांच्यामध्ये त्यांनी बोटं ठेवून पाहिली. "चार बोटं सुधारले हो जवाईबुवा," त्या कौतुकाने म्हणाल्या. "आता ठिगळ लांबट लावा लागते."

मी वर लिंबाकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं. वाऱ्याच्या खात्यावर टाकलेली चार बोटं मी गुपचूप काढली आणि आपल्या नावावर लावून घेतली.