धुमेची कणीक

साहेबरावआप्पा निमोण्याच्या भजनी मंडळाचे पखवाजी. आठवडाभर सणसवाडीच्या कारखान्यात वॉचमन, सुट्टीला आमचे. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. काकू म्हणायच्या, "घरात चपाती कमी पडू दे, ह्यांच्या पखवाजाला आधी जेवण!"

दोन हजार सहा साली आम्ही प्लास्टिकविरोधी भारूड बसवलं. गावोगाव फुकट म्हणायचं आणि लोक देतील त्यातून कापडी पिशव्या शिवून वाटायच्या. भारूड मी लिहिलेलं. मी तेव्हा बी.ए.ला होतो, म्हणजे मला सगळंच कळत होतं.

अशात शेजारच्या पुतळाबाईची गाय मेली. डॉक्टरांनी पोट फाडलं तर पिशव्यांचा हा मोठा गोळा. सगळ्यात वर एक नवी पिशवी, आत आंबलेली कणीक, तोंडाला पखवाजाच्या चामडी वादीला मारतात तसली गाठ. ती गाठ गावात एकच माणूस मारायचा. कार्यक्रम झाला की आप्पा धूम खरवडून कणीक पिशवीत बांधायचे आणि ओढ्याकडं भिरकावायचे. मी दर वेळी बघायचो. गाण्यात मात्र दुसऱ्यांच्याच पिशव्या.

"गोळा जुनाय, वर्षानुवर्षांचा," डॉक्टर म्हणाले. मला तेवढं पुरलं. आप्पांना नाही.

"पुतळाआक्काला सांगावं लागंल रं."

"आप्पा, रविवारी शिरूरचा कार्यक्रम होऊ द्या. आत्ता सांगितलं तर मंडळाचं हसं होईल."

आणि त्याच दुपारी मी गाईवर नवीन कडवं रचलं. वर पुतळाबाईचा शाल-नारळ देऊन सत्कारही ठरवला. डोकं चालतं माझं.

शिरूरला कडवं सुरू झालं तशा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुतळाबाई पुढंच बसलेली, अंगावर नवी शाल. मी सूर चढवला आणि धूम बंद पडली. मी टाळानं खुणावलं. आप्पांनी माझ्यापुढचा माईक ओढला.

"आक्का, ती वरची पिशवी माझी. कणकीची. मीच टाकायचो."

"आयला, पखवाजवालाच निघाला!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

पुतळाबाई उठली. शाल काढून तिनं पखवाजावर टाकली.

"गाय मेली म्हून सत्कार व्हय रं? आन् साहेबराव, ह्या गाणं लिवणाऱ्याला ठावं हुतं?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "न्हाई आक्का. त्याला काय बी ठावं न्हाई."

मी टाळ धरून उभा होतो. तोंड उघडायला चांगला मिनिटभर वेळ होता.

आप्पांनी त्यानंतर पखवाज सोडला नाही, पण कणीक स्वतःच्या डब्यात घरी न्यायला लागले. पुतळाबाई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. माझ्याशी बोलायची, हुशार पोरगं म्हणायची, चहा द्यायची. मी प्यायचो.

तिला अजून सांगितलेलं नाही. इथं सगळं लिहिलंय खरं, पण तिला वाचता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.